घोड्याच्या गाठींचे काटेकोर मोजमाप

४ मार्च, सकाळी ७
नवी वही उघडली. जुन्या वहीत पुष्कळ पाने शिल्लक होती. परंतु ती माझ्या रक्तदाबाची वही आहे आणि दोन प्राण्यांचे रोग एका वहीत नोंदवणे मला मान्य नाही.

विषय : लेकीचा तीन वर्षांचा घोडा, रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. अंगावर तीन गाठी. पहिली पुढच्या डाव्या पायामागे, खोगिराचा तंग जिथे आवळतात नेमकी तिथे. दुसरी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस. तिसरी मानेवर, कानाखाली. तिन्ही ओंगळ. पहिली तर कोणीतरी चघळून चिकटवलेल्या च्युइंगगमसारखी दिसते. ती पाहिल्यानंतर न्याहारी गेली नाही.

काल पशुवैद्य बाई येऊन गेल्या. वय तिशीच्या आत, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडात अर्धी वाक्ये. त्यांच्या म्हणण्यानुसार हे त्वचेचे अर्बुद असून त्यास सारकॉइड म्हणतात. जीव घेत नाही. मात्र चिवट असते. उपाय चार. बुडाशी रबरी कडे आवळून गाठ वाळवणे, अतिथंड वायूने गोठवणे, जहाल मलम लावणे, किंवा काहीच न करता पाहत राहणे. तूर्त त्यांनी चौथा सांगितला. सहा आठवडे हात लावायचा नाही, घासायचे नाही, लांबून महिन्याला एक फोटो काढायचा. डिवचली की ही गाठ पिसाळते म्हणे.

या घोड्याची आई तो आठवड्याचा असताना गेली. लेकीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले. चारशे किलोच्या जनावरास ती अजून ‘छकुल्या’ म्हणते. यंदा त्याच्या पाठीवर पहिले खोगीर चढायचे आहे. तंगाच्या जागची गाठ राहिली तर खोगीर नाही, आणि लेकीच्या घोडेस्वारीच्या शाळेत खोगीर न घेणारा घोडा म्हणजे... लेकीने वाक्य पूर्ण केले नाही. हल्ली कोणीच करत नाही.

जाताना ती म्हणाली, की बाबा, जरा लक्ष ठेवाल ना त्याच्यावर? अर्थ उघड आहे. निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला आहे.

४ मार्च, सकाळी ११
वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे सेवा केलेल्या माणसाने गाठीचा फोटो काढत बसावे! फोटो हे मोजमाप नव्हे. ‘हात लावू नका’ ही सूचना सर्वसाधारण लोकांसाठी असणार. पेटीतून पितळी कॅलिपर काढला. तेल दिले. अद्याप मिलिमीटरचा दहावा भाग दाखवतो. तो आणि मी, दोघेच तेवढे या घरात धड चालतो.

संकल्प : दररोज दोनदा, सकाळी सात व सायंकाळी पाच, तिन्ही गाठींचे माप. सहा आठवड्यांनी बाईंपुढे आकडे ठेवायचे. निर्णय आपोआप सिद्ध होईल.

५ मार्च
पहिले माप. तंगाची गाठ १४.२ मिलिमीटर. मांडीची ९.६. मानेची घेता आली नाही. घोडा कानाजवळ कोणालाही येऊ देत नाही. तक्त्यात ‘सहकार्याचा अभाव’ अशी नोंद केली.

अडचण अशी, की गाठीवर कोंड्यासारखे खवले असतात. खवल्यांसकट माप घेणे म्हणजे गोणीसकट धान्य तोलणे. हे पाप मी जन्मात खपवून घेतलेले नाही. तेव्हा आधी ताठ केसांच्या ब्रशने पृष्ठभाग स्वच्छ केला, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. वास, माश्या, आणि खाली एक ओलसर गुलाबी काहीतरी. शिसारी आली. घरी येऊन दोनदा हात धुतले. तिसऱ्यांदा धुताना सौ. म्हणाली, की अहो, साबण संपला तर सांगा, घोड्याचा आणते.

९ मार्च
लेकीच्या तबेल्यातला मोतद्दार म्हातारा आहे. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. तरी मला ‘काका’ म्हणतो. आज म्हणाला, की काका, रोज कशाला कुरतडताय त्याला, बाई नको म्हणून गेल्यात ना. मी त्यास समजावले, की कुरतडणे निराळे आणि पृष्ठभागाची पूर्वतयारी निराळी. तो शेजारच्या घोडीला खरारा करू लागला आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटला. घोडी फुरफुरली. दोघांचेही शिक्षण बेताचे.

१३ मार्च
तंगाची १५.१. वाढ! आठ दिवसांत ०.९. मी मोजत नसतो तर ही गोष्ट जगाला कळलीच नसती. अंगावर काटा आला. थोडा भीतीने, बराचसा अभिमानाने.

बाईंचे लेखी टिपण आज मिळाले. एका पानात सात अशुद्ध शब्द, आणि ‘गाठीला डिस्टर्ब करू नये’ असे एक वाक्य, ज्यास कर्ता नाही. तांबड्या शाईने दुरुस्त करून फोटो काढून परत पाठवले. उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला. विद्यापीठे काय शिकवतात?

१७ मार्च
सकाळी स्वार मंडळी तबेल्याबाहेर जमली होती. प्रत्येकाजवळ औषध होते. एक म्हणाला टूथपेस्ट लावा. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या मावशीच्या कुत्र्याला असेच झाले होते, ते आपोआप गेले. गाठ की कुत्रा, हे स्पष्ट केले नाही. एवढ्या अज्ञानाचा एकत्रित वास लिदीच्या वासाहून वाईट असतो. मी त्यांना तक्ता दाखवला. एकाने विचारले, की काका, तुम्ही रिटायर होऊन किती वर्षे झाली?

२४ मार्च
तंगाची १७.८. मांडीची ११. वाढीचा वेग वाढतो आहे. म्हणून दिवसातून तीन मापे करणे भाग पडले. वाढत्या शत्रूवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते.

घोडा आता मला ओळखतो. मी दारात दिसलो की दोन्ही कान मागे पाडतो आणि अंग आक्रसून उभा राहतो. मोतद्दार म्हणतो, की घाबरलाय. मी म्हणतो, सावधान उभा राहतो. दुकानदारही असेच उभे राहत.

२८ मार्च
चावला. डाव्या दंडावर. कोटावरून चावल्यामुळे जखम नाही, फक्त निळे वर्तुळ. व्यास ४१.३.

सौ.ला कोट दुरुस्तीसाठी दिला. ती म्हणाली, की मला कोणी दिवसातून तीनदा ब्रशने घासून मापलं असतं तर मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात चावले असते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर असली भाषा. जेवताना बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आले नाही.

२ एप्रिल
उपाययोजनेचा तौलनिक तक्ता पूर्ण. अकरा रकाने. निष्कर्ष : गोठवणे. कारण त्यात तापमान आहे, आणि तापमान मोजता येते. रबरी कडे मला प्रथमपासूनच गावठी वाटते.

मात्र मांडीची गाठ गोठवताना कोणत्या कोनात उभे राहावे, यावर बाईंच्या टिपणात अवाक्षर नाही. सगळे मलाच पाहावे लागते.

६ एप्रिल, सकाळी ८
तंगाची २३.४. साफ करताना रक्त आले. थोडेच. पण माश्यांना थोडे पुरते. क्षणात काळा थर. इतका किळसवाणा प्रकार मी मिठाईच्या दुकानांच्या तपासणीतही पाहिला नव्हता. चिकटपट्टी लावली. घोड्याने ती भिंतीला घासून काढली, आणि तिच्याबरोबर गाठीचा वरचा भागही.

६ एप्रिल, दुपारी १
लेकीने रक्त पाहिले. तिने विचारले, की बाबा, याला कोणी हात लावला का? मी म्हणालो, हाताने कोणीही स्पर्श केलेला नाही. हे अक्षरशः सत्य आहे. कॅलिपर पितळी आहे आणि ब्रश लाकडी.

मग ती म्हणाली, की चौदा तारखेला डॉक्टर येतायत, तोवर तबेल्यात नका जाऊ ना, प्लीज. मी होकार दिला. ‘तोवर’ म्हणजे साधारणपणे तोवर.

१० एप्रिल
तीन दिवसांची मापे चुकली. तक्त्यात तीन पांढरे रकाने. सायंकाळी लेक मैदानावर धडा घेत असताना आत गेलो. फक्त एक माप. तंगाची ३१. आता ती फुलकोबीसारखी पसरली आहे, तांबडी, ओली, कडेने फाटलेली. कॅलिपरचे जबडे नेमके कुठे टेकवावेत तेच कळेना. वास कोटाला लागून घरापर्यंत आला.

समाधान एवढेच, की निर्णयासाठी आवश्यक तो पुरावा आता विपुल आहे.

१४ एप्रिल, सकाळी ६
आज बाई येणार. तक्ता नव्या कागदावर शाईने उतरवला. आलेखही काढला. रेषा डावीकडून उजवीकडे अशी काही चढते, की पाहत राहावे. दाढी केली. दुरुस्त केलेला कोट घातला.

१४ एप्रिल, दुपारी १२
क्रमाने लिहितो.

बाईंनी घोडा पाहिला. मी तक्ता व आलेख दिले. त्या तबेल्याच्या दारातच उभ्या राहून वाचत राहिल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माझे काम आजवर कोणी इतके लक्षपूर्वक वाचलेले नाही. वरिष्ठांनीही नाही.

मग त्यांनी विचारले, की आजोबा, माप घेण्याआधी गाठ कशाने साफ करत होता? मी ब्रश आणि स्पिरिट यांची पद्धत सविस्तर सांगितली. खवल्यांचा आणि गोणीचा दृष्टान्तही दिला. त्या म्हणाल्या, की दिवसातून दोनदा? मी म्हणालो, चोवीस मार्चपासून तीनदा. त्यांनी आलेखावर चोवीस मार्चच्या ठिकाणी बोट ठेवले. रेषा तिथून खरोखरच उभी चढते. हे माझ्या लक्षात आले नव्हते, असे नाही. मी त्याचा अर्थ निराळा लावला होता.

लेक म्हणाली, की म्हणजे यामुळेच? बाई म्हणाल्या, की नक्की नाही सांगता येणार, कदाचित तशीही वाढली असती. मी ‘कदाचित’ हा शब्द तिथल्या तिथे वहीत लिहून अधोरेखित केला.

त्यानंतर त्यांनी मोतद्दाराला घोड्याचे डोके धरायला सांगितले आणि मानेचे केस बाजूला केले. तिसरी गाठ. जिचे माप मला एकदाही घेता आले नाही. ती तिथे नव्हती. बोटाखाली एक सपाट, करडा डाग होता, रुपयाहून लहान. बाई म्हणाल्या, की कमी वयाच्या घोड्यांत कधी कधी शरीर स्वतःच निकाल लावतं, म्हणून तर थांबा म्हटलं होतं.

मोतद्दाराने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने पाहिले असते तर बरे झाले असते.

१४ एप्रिल, दुपारी ४
उपाय. मांडीच्या गाठीला रबरी कडे. तंगाची आता ना थांबण्याजोगी, ना कडे बसण्याजोगी, ना नुसती गोठवण्याजोगी. दवाखान्यात नेऊन, भूल देऊन, लेसरने मुळापासून काढावी लागेल. वण राहील. नेमका तंगाखाली. यंदा खोगीर नाही. पुढच्या वर्षी वण तंग सोसेल का, आणि गाठ परत उगवणार नाही का, याची हमी बाई देत नाहीत.

माझा अकरा रकान्यांचा तक्ता खिशात होता. लेकीने तो मागितला नाही. बाईंनी कागद पुढे केला आणि तिने उभ्याउभ्या सही केली. निर्णयास अर्धे मिनिट लागले.

जाताना बाईंनी विचारले, की मापांचा कागद ठेवून घेऊ का, कॉलेजातल्या मुलांना दाखवायला उपयोगी पडेल. माझी छाती भरून आली. मी म्हणालो, अवश्य. पद्धत शिकण्याजोगी आहे. त्या म्हणाल्या, की हो, असं केलं तर काय होतं त्याचा इतका व्यवस्थित पुरावा सहसा मिळत नाही.

सौ. हे ऐकून हसली नाही. तेव्हा मला प्रथमच प्रकरण गंभीर असल्याची जाणीव झाली.

१५ एप्रिल
लेक रागावलेली नाही. सकाळी तिने मला नेहमीसारखा चहा दिला. म्हणाली, की बाबा, चूक माझी आहे, तुम्हाला नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हणायला नको होतं. मी म्हणालो, वाक्य संदिग्ध होते खरे. ती ‘हो’ म्हणाली आणि चिंधीने खोगीर पुसू लागली. ते नवे खोगीर होते. तिने ते पुसून कापडात गुंडाळले आणि माळ्यावर चढवायला मोतद्दाराला हाक मारली. शिडी मी धरली.

तेवढा वेळ मी कोणाच्या वाक्यातली चूक काढली नाही.

१८ एप्रिल
शस्त्रक्रिया झाली. गाठ मुळासकट निघाली असे दवाखान्यातून कळवले. निरोप देणाऱ्याने ‘शस्त्रक्रीया’ लिहिले होते. दुरुस्त केले नाही. घोड्याने सकाळी गवत खाल्ले, असेही लिहिले होते. ते वाक्य शुद्ध होते. दोनदा वाचले.

२४ एप्रिल, सायंकाळी ५
घोडा घरी आला. बरगडीशी एक लांबट जखम, टाके, जांभळे औषध. पाहवत नाही, तरी पाहिले.

मोतद्दाराने औषध लावले. घोडा उभा राहिला. सौ. आजवर कधी तबेल्यात पाऊल न टाकलेली. तिने नाकावरून हात फिरवला. घोडा उभा राहिला. मी रिकाम्या हातांनी गेलो होतो. दोन्ही तळवे उघडे करून दाखवलेही. तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला आणि टाक्यांखालचे कातडे थरथरू लागले.

लेक हळूच म्हणाली, की बाबा, तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत जा. तिथूनही दिसतो तो.

दिसतो. खिडकीपासून घोडा पन्नास पावलांवर असेल. किंवा साठ.