कोरडं लुगडं

३ मे, शनिवार
इस्लापूरला आले. उपकेंद्रात नर्स म्हणून बदली, आणि तिथून पाच मिनिटांवर अख्खं घर भाड्यानं मिळालं. नवरा बजरंग लातूरला डाळ मिलवर. महिन्यातून दोनदा येणार. तोवर मी आणि सहा वर्षांची तनुजा. बाग एवढी मोठी की पोरीनं अनवाणीच धूम ठोकली. सीताफळं, चिंच, बांबूचं बेट. लातूरच्या दोन खोल्यांत आम्हाला फार तर पाल दिसायची. इथं एका दिवसात मुंगसाची जोडी, खारी, भारद्वाज आणि ऊन खात पडलेली घोरपड.

६ मे
शेजारच्या पंचफुलाबाई दूध घालतात, मी ड्युटीवर असताना तनुजाला सांभाळतात. पहिल्याच दिवशी पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली. बागेत धामण हाय म्हणाल्या, मारू नका, ती आपल्या आधीची. सकाळी मोर पायरीपर्यंत येतो. तनुजा त्याला ज्वारी टाकते, ‘साहेब’ म्हणते.

११ मे, रविवार. सकाळी दहा
सुट्टी. आभाळ नऊलाच काळवंडलं. वारा असा की पत्रे उचलून राहिला. चिंचेची फांदी तारांवर पडली, लाईट गेली. पंचफुलाबाईंचा अजून पत्ता नाही.

साडेअकरा
गारा. सगळी बाग ओसरीवर येऊन बसलीय. मुंगसं, खारी, भिजलेला मोर, त्यांच्यापासून दोन हातांवर धामण. कुणी कुणाला धरत नाही. तनुजा हसून राहिली. मला हसू येईना. सगळ्यांची तोंडं फाटकाकडं आहेत.

बारा
फाटकातून पंचफुलाबाईंची हाक आली. डोक्यावर पोतं घेऊन गेले, साखळी काढली. त्या ओसरीवर चढल्या आणि जनावरं उठली. सगळी. गारांतच बाहेर गेली. एक खार तर माझ्या पायावरून.
बाई तनुजाला घेऊन बसल्या. मी चहा टाकायला आत आले. गॅस पेटवताना लक्षात आलं — एवढ्या पावसात लुगडं कोरडं. पायाला चिखल नाही.

सव्वाबारा
फोन वाजला. पंचफुलाबाई. पहाटेच्या गाडीनं किनवटला लेकीकडं गेल्यात, रस्त्यावर झाड पडलंय, उद्या येते म्हणाल्या. “पोरीला आत घ्या ताई, वारा लई हाय.”
रेंज गेली.

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहिलं. तनुजा तिच्या मांडीवर. ती पोरीच्या केसांवरून हात फिरवून राहिली. तनुजाच्या केसांतून पाणी गळतंय. पोरगी ओसरीवरून हललीच नव्हती, भिजली कशी —

मागच्या दाराला उन्मळलेल्या चिंचेचं खोड टेकलंय. उघडत नाही. बजरंगला कळावं म्हणून लिहिते.

मीच साखळी काढली.

हाक मारली. म्हटलं, बाई, चहा आतच घ्या.
उठली. तनुजाला खाली ठेवलं.
तिच्या खांद्यावरून मागं राहिलेल्या पोरीला खुणावलं. उपकेंद्राकडं हात केला. शिपाई सटवाजीमामा तिथंच राहतात. तिला वाट माहीत आहे.

फाटक वाजलं. तनुजा गेली. पळतेय — ही अजून पडद्यापलीकडंच.

बजरंग, तिला लातूरला न्या. मला शोधायला इकडं

पडदा सरकला. चहा झाला का, विचारून राहिली. आवाज माझा