इंदू कितव्या भागावर आहे

१२ जानेवारी, रविवार

सातव्या भागाचं अकरावं मिनिट! काल सहावा अर्धा होता. म्हणजे पोरगी बघतीये. म्हणजे बरी आहे.

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाइलवर ते पिक्चरचं ॲप उघडलं. रिचार्जबरोबर फुकट आलेलं. आत दोन नावं — एक माझं, एक इंदूचं. दोन्ही तिनंच करून ठेवलेली. तिच्या नावात शिरलो तर एक जपानी मालिका, आणि खाली लाल रेघ. कुठपर्यंत पाहून झालं ते दाखवणारी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेली. बीएस्सी झालेली पोर, म्हणे पुण्यात ॲनिमेशन शिकणार. मी म्हणालो, "कार्टून काढून पोट भरतं का? गेलीस तर परत येऊ नको." बायकोला, साधनालाही बजावलं — या घरातून तिला फोन जाणार नाही. साधना गप्प. मी गप्प. इंदू माझीच, तीही गप्प. एकोणसत्तर दिवस झाले.

१३ जानेवारी

आठवा भाग.

१५ जानेवारी

काल संक्रांत. फोन आला नाही. वाटलं होतं, निदान तिळगुळाला येईल. रेघ मात्र सरकली.

आज ठरवलं, पहिल्यापासून बघायचं. कशापायी बापाला सोडून गेली ते कळू दे तरी. चंद्रावर एक गॅरेज, तिथं निळ्या केसांची पोरगी मोडके यंत्रमानव दुरुस्त करते. तीन मजली यंत्रमानव, आणि अख्ख्या हाताला वायर एकच! पहिल्या झटक्यात जळेल. पंचवीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरतोय मी, मला सांगता?

दुसरा भागही पाहिला. तिसराही.

१७ जानेवारी

शेजारचा हार्डवेअरवाला दादाभाऊ डोकावला. "काय राव, ह्या वयात कार्टून?"

"कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात," मी म्हणालो. इंदू मला हेच ओरडून सांगायची. दादाभाऊ हसत गेला. मला नाही हसू आलं.

आणखी दोन मालिका चाळल्या. एकीत तोच दिवस परत परत उगवतो — अर्ध्यात बंद केली. आपलं काय वेगळं चाललंय? दुसरीत सगळे नुसते जेवतात. पण वाटीतली वाफ काय काढलीये! हे काढायला शिकावंच लागत असणार.

१९ जानेवारी

घोटाळा झाला! इतके दिवस मी तिच्याच नावात बसून बघतोय. म्हणजे माझ्यानंही रेघ हलते. तिला कळलंच असणार. आता बंद करून टाकेल. चिडकी आहे. कोणावर गेली ते सांगायला नको.

२० जानेवारी

नाही चिडली! मी नवव्यावर सोडली होती, संध्याकाळी दहावा संपलेला. सारखी दुपारीच बघते — क्लासला सुट्टी असेल जेवणाची.

२३ जानेवारी

आज रेघ हलली नाही. साधना तिच्या मावशीच्या दहाव्याला घोडेगावला गेलेली, त्यामुळे सकाळचीच भाकरी खाल्ली, तीही अर्धी. ताप असेल का? एकटी आहे, कोण बघणार? तीस वेळा तरी मोबाइल पाहिला. त्या नादात तारेचे वेढे चुकले आणि कुंडलिकची विहिरीवरची पाच एचपी मोटार पुन्हा सोडवावी लागली. तो ताटकळत उभा. "भाऊ, कांदा सुकतोय. रातच्याला बिबट्या, दिवसा मोटार न्हाई — आमी पाणी द्यायचं कवा?" त्याच्यावरच ओरडलो. वाईट वाटलं नंतर.

२४ जानेवारी

सरकली! अकरावा. कुंडलिकला बोलावून चहा पाजला.

२७ जानेवारी

बाराव्या भागात त्या पोरीचा बाप येतो. पृथ्वीवरून एवढा लांब आला आणि बोलतच नाही. नुसता पान्हे पुसत बसतो. अरे मूर्खा, बोल की! पोर समोर उभी आहे! एकटाच दुकानात ओरडलो मी. मग शटर अर्धं ओढून बसलो थोडा वेळ.

रेघ मागं ओढली आणि बाप येतो तिथं बरोबर नेऊन ठेवली. चौदावं मिनिट. बघू.

२८ जानेवारी

सोळावं मिनिट! बाप जातो तिथं थांबलेली. पुढं गेलीच नाही. तेवढंच पाहिलं तिनं. समजलं तिला!

दिवसभर हात हलके होते. फोन कशाला हवा आता? आमचं बोलणं चालूच आहे की. शब्दानं नसेना.

२९ जानेवारी

जेवताना साधना मध्येच म्हणाली, "बापानं दोन शब्द बोलायला काय व्हतं?"

"कुणाच्या बापानं?"

"आपलं असंच."

मला टोमणाच वाटला. ताट सरकवून उठलो.

३० जानेवारी, गुरुवार

करंट तपासायचा मीटर घरी राहिला म्हणून दुपारी आलो. साधना टीव्हीसमोर, आणि टीव्हीवर निळ्या केसांची पोरगी. मला पाहून रिमोट हातातून पडला.

"इंदूनंच टीव्हीवर जोडून दिल्यालं, तिच्या नावात. तिच्या आठवणीनं लावायची मी," म्हणाली. "मंग रेघ आपोआप सराय लागली. मला वाटलं, इंदूच बघती. लई बरं वाटायचं वो."

म्हणजे मी साधनाला इंदू समजत होतो, आणि साधना मला. इंदूनं काही पाहिलेलंच नाही. सत्त्याऐंशी दिवस पोरीची कसलीच खबर नाही आम्हाला.

फोन मीच लावलाय. साधनाच्या हातात आहे. रिंग जातेय.