कोळ्याचे सहा पाय

ओफोसू,

सेरवाला घेऊन बाहेर चाललोय. शेंगदाण्याचं सूप चुलीवर आहे. फुफूसाठी उकडलेले कंद कुटायला आज तुझ्या जोडीला कुणी नाही, तेव्हा भात टाक.

काल शाळांच्या प्रश्नमंजूषेत कोळ्याला पाय किती, असं विचारलं. तुझी लेक सहा म्हणाली, असतात आठ, म्हणून तिची शाळा हरली. तिनं जिंकलेल्या मुलीशी हात मिळवला, घरी येऊन थोडी रडली आणि जेवली. प्रकरण तिथंच मिटलं होतं.

पण आज सकाळी तू रेडिओवर फोन लावलास. आधी राजेसाहेबांना नमस्कार, मग बिशपना, आणि मग सगळ्या बेरेकुम गावाला ऐकवलंस, की आमच्याकडच्या कोळ्यांना सहाच पाय असतात आणि परीक्षक विकले गेलेत. सेरवा तेव्हा पाव आणायला चौकात गेली होती. न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून हसत होती. मला तुझी किळस आली. लिहून कळवतोय, कारण तोंडावर बोललो तर तू तेही रेडिओवर सांगशील.

घरी येऊन पोर म्हणाली, "नाना, चूक माझीच होती. आता सगळे मला खोटारडी म्हणतील. बाबांना गप्प करा ना."

"त्याला लहानपणीही गप्प करणं मला जमलं नाही गं."

"मग मीच बोलते."

तेव्हा आम्ही रेडिओच्या हापिसात निघालोय. ती एकच वाक्य बोलणार आहे, दारात उभी राहून घोकतेय. रेडिओ चालू ठेव, आणि कृपा करून मध्येच फोन लावू नकोस.

तुझे बाबा