शहापूरचा हॉल

तृप्ती,

मी शहापूरले चाललो. हायवेवरचा तो हॉल आजच पक्का करू, नाहीतर तुझी तारीख दुसराच कोणी नेईल. काल मी तुझ्यावर उगाच ओरडलो. मनावर नको घेऊ.

गावच्या खळ्यावरच लग्न करू, असा हट्ट मी काहून धरला, ते सांगायचं राहूनच गेलं. आमचं लग्न तिथंच लागलं होतं. मांडवावर जांभळीच्या हिरव्या डहाळ्या होत्या. अंतरपाटामागं तुझी आई खुदकन हसली, तर माझी आजी म्हणे, "पोरगी मोठी धीट आहे!"

काल तू म्हणाली, "बाबा, आई जाऊन तीन वर्षं झाली, पण तिथं गेलं का मले तीच दिसते. मी रडतच राहीन." पोरी, मलेही तिथं तीच दिसते, म्हणून तर मले तीच जागा पाहिजे होती. पण लग्न तुझं आहे.

वरण-भात झाकून ठेवला आहे. जेवून दहाच्या बसनं तूही ये, मी स्टॉपवर थांबतो. जागा पसंत करायचं काम तुझी आईच करे, मले एकट्याले नाही जमत.

बाबा