मार्लिस व्हर्लिनच्या ट्रकमध्ये का बसते

३ नोव्हेंबर, सोमवार
आज गाडीत नळी बसली. कोर्टाचा हुकूम. वर्षभर, दर वेळी गाडी चालू करण्याआधी नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तरच ती चालू होणार. वर कॅमेरा, फुंकणाऱ्याचा फोटो काढतो. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, घटना तोंडपाठ, आणि आता माझी पारख प्लॅस्टिक करणार! गावसभेत बोलणार. विषय: 'नागरिक आणि नळी'.
दारू आजपासून बंद. निर्णय माझा. कोर्टाचा काही संबंध नाही.

११ नोव्हेंबर
गाडी माझ्या नावावर, म्हणून माझ्या बायकोला, मार्लिसलाही फुंकावं लागतं. आज ती काम करते त्या बँकेच्या पार्किंगमध्ये तिने तीनदा फुंकलं तेव्हा गाडी चालू झाली. तिच्या मैत्रिणी खिडकीतून बघत होत्या. घरी येऊन म्हणाली, "प्यायलास तू, आणि फुगे मी फुगवायचे?"
उद्यापासून ती शेजारच्या व्हर्लिनच्या ट्रकमधून जाणार. व्हर्लिन विधुर. दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. वाचन शून्य.

१९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
ट्रकचं दार लागायच्या आत ती हसली. पडद्याआडून स्पष्ट ऐकलं. सकाळी सात चाळीसला हा माणूस असं काय बोलतो? मी तीस वर्षं तिला घटनादुरुस्त्या समजावतोय. एकदाही अशी हसली नाही.
मत्सर वगैरे नाही. निरीक्षण.

६ मार्च
व्हर्लिनने दाढी काढली. कोणासाठी?
मार्लिसला सरळ विचारलं. म्हणाली, "ऑरिन, तो बिचारा मला फक्त बँकेत सोडतो. ज्या दिवशी तुझी नळी निघेल, त्या दिवसापासून तुझ्या शेजारी बसेन. पण त्याआधी काही घोळ घातलास, तर माझी सोय मी बघेन." तारीख तीन नोव्हेंबर. कॅलेंडरवर लाल गोल केला.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
अठरा दिवस उरले. अकरा महिने एक थेंब नाही.
मार्लिस बँकेतल्या बायकांबरोबर तळ्याकाठच्या हॉटेलात शुक्रवारचा तळलेला मासा खायला गेली. व्हर्लिनबरोबर. मी पाठलाग केला नाही. मलाही त्याच दिशेला जायचं होतं.
समोर गाडी लावली. थंडी, म्हणून इंजिन चालू. सोबत बहिणीने दिलेली चेरींची बरणी. वर्षभर ब्रँडीत मुरलेल्या. चेरी हे फळ आहे. पाच खाल्ल्या.
खिडकीतून दिसलं: व्हर्लिनने आपल्या ताटातलं बटाट्याचं धिरडं तिच्या ताटात ठेवलं. तिने ते खाल्लं! मी आणखी नऊ चेरी खाल्ल्या.
तेवढ्यात नळीने पुन्हा फुंकायला सांगितलं. चालू गाडीतही ती अधूनमधून सांगते. फुंकलं. हॉर्न सुरू झाला, दिवे उघडझाप करू लागले. सगळं हॉटेल काटे हातात घेऊन खिडक्यांशी. इंजिन बंद केलं की हॉर्न थांबतो, हे माहितीपुस्तिकेत पान नऊवर आहे. मी पान तीनवर थांबलो होतो. भाषा फार रटाळ.
शेवटी व्हर्लिन आला आणि खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली. मागे मार्लिस.
"किती?"
"चेरी."
"किती चेरी, ऑरिन?"

२३ ऑक्टोबर
कोर्टात बावीस मिनिटांचं भाषण तयार होतं. न्यायाधीशबाईंनी चार मिनिटांवर हात वर केला आणि कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. हनुवटीवर चेरीचा रस. नळी आणखी सहा महिने.
मात्र चार मिनिटं जबरदस्त झाली. कारकून भारावून खाली बघत होता.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
मार्लिसने गाडी घेतली. स्वतःच्या नावावर. नळी नाही. म्हणजे व्हर्लिनच्या ट्रकची गरज संपली. शेवटी विजय माझाच! हे मी पहिल्या दिवसापासून योजलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नव्या गाडीतून मासा खायला गेलो. मार्लिसच्या हातात स्टिअरिंग. व्हर्लिनचे गुडघे दुखतात, म्हणून तो पुढे. मी मागे.
वाटेत दोघं कशावरून तरी हसले. मी पुढे वाकून विचारलं, काय झालं?
"काही नाही रे," मार्लिस म्हणाली. "तू पट्टा लाव."