सहा पेन्सिल सेलांच्या बचावार्थ

भोर,
दि. १५ डिसेंबर

श्री. इंद्रजितराव यांच्या सेवेशी,

भोरहून आनंदचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या जमिनीला टेकत नसल्यामुळे आठ अंगांपैकी एक येणे बाकी धरावे, ते समक्ष भेटीत पूर्ण करीन.) आपला रक्तदाब, वहिनींचे गुलाब आणि गच्चीवरची आपली अँटेना ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आपली धाकटी बहीण सौदामिनी क्षेम आहे आणि माझे क्षेम तिच्या विचाराधीन आहे.

पत्रास कारण असे, की गेल्या दोन रविवारी आपण साताऱ्याहून चालवता त्या सकाळच्या रेडिओ-मेळाव्यात माझा आवाज आला नाही. आपण माझे नाव पुकारलेत, थोडे थांबलात आणि मग 'पेन्सिल सेलांनी मान टाकलेली दिसते' असे सर्वांसमक्ष म्हणालात. हे मला इथल्या महाविद्यालयातले तरुण प्राध्यापक मंदार (तेही आपल्यासारखेच परवानाधारक हौशी रेडिओवाले) यांनी शब्दशः कळवले. इंद्रजितराव, माझी अनुपस्थिती मान्य आहे. तिचे कारण मान्य नाही. वर्षभर आपल्या दोघांत जो वाद चालला आहे त्याचा निकाल माझ्या गैरहजेरीत आणि चुकीच्या पुराव्यावर लागू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. (फोन करता आला असता. परंतु फोनवर आपण मध्येच बोलता, आणि आमचा फोन स्वयंपाकघराला लागून आहे.)

वादाची पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहेच, तरी ती क्रमाने मांडणे इष्ट. हातातल्या रेडिओ संचासाठी लिथियमचा तयार पॅक घ्यावा आणि गप्प बसावे, असा आपला सल्ला होता. सल्ल्याचा पहिला भाग मी पूर्ण विचारांती नाकारला. पॅकच्या आत कोण दुबळा आणि कोण धट्टाकट्टा हे कळत नाही. सगळे एका वेष्टनात, एका कुटुंबासारखे, आणि एकाने दगा दिला की सगळ्यांना घराबाहेर काढावे लागते. उलट सहा पेन्सिल सेलांच्या डबीत प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करता येते. शिवाय पॅक वाटेत संपला तर तो संपलाच. सेल संपले तर राजगडाखालच्या पालीच्या किराणा दुकानातही बिस्किटांच्या बरणीशेजारी साधे पेन्सिल सेल टांगलेले असतात. राहता राहिला प्रश्न जातीचा. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलांत दोन जाती आहेत. एक, ज्यांच्या अंगावर मोठा आकडा असतो, पण जे कपाटात नुसते पडून राहिले तरी आपोआप रिकामे होतात (अशी माणसे मी कार्यालयात पाहिली आहेत). दुसरी, ज्यांचा आकडा बेताचा, पण जे महिनोन्महिने पडून राहिले तरी भरल्या पोटी हजर असतात. मी अर्थातच दुसरी जात निवडली.

निवडली हे म्हणायला सोपे. इथल्या बाजारात मला प्रथम जे सेल दाखवण्यात आले त्यांच्यावरचा आकडा इतका मोठा होता, की त्यावर आमची अर्धी गल्ली उजळावी. हातात घेतले तर शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखे हलके. ज्याच्या पोटात माल आहे त्याला वजन हवे, हा साधा वाणिज्याचा नियम. म्हणून मी त्यातला एक आणि मंदारकडचा एक चांगला असे दोन घेऊन सराफाकडे गेलो आणि सोन्याच्या काट्यावर तोलून देण्याची विनंती केली. सराफाने सवयीने तो हलका सेल आधी दगडावर घासून पाहिला, मग तोलला, आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, 'घरातलाच आहे का? कुणाला सांगू नका.' शेवटी पुण्याहून खात्रीचे सेल मागवले. चार्जर असा घेतला, की प्रत्येक सेलाचे ताट वेगळे आणि ज्याचे पोट भरले त्याचे वाढणे तिथेच बंद. हा चार्जर देवघराशेजारच्या प्लगावर असतो, कारण घरात प्लग घट्ट असा तेवढाच आहे. हळदीकुंकवाला आलेल्या मंगलकाकूंनी देवांबरोबर त्याच्या हिरव्या दिव्यांनाही हात जोडले, आणि मीही त्यांना अडवले नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आणि ती वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाच शोभेल अशी आहे. मी गृहीत धरले, की सेल सरळ रेषा पद्धतीच्या घसाऱ्याने उतरतो. म्हणजे अर्धे काम झाले की संचावरची खूण अर्धी. निकेलचा सेल तसा वागत नाही. तो शेवटपर्यंत भरलेल्या माणसाचा चेहरा ठेवतो आणि मग एकाएकी बसतो. हे तत्त्व मी पुस्तकात वाचले होते. त्याचे मर्म मला वेल्ह्याच्या मंडपात कळले.

तर गेल्या महिन्यात वेल्हे ते पाली आणि परत अशी धावण्याची शर्यत होती. राजगडाच्या पायथ्याला मोबाईल मनात आले तर चालतो, म्हणून आयोजकांनी आम्हा हौशी मंडळींना बोलावले. आयोजकांचे प्रमुख निवृत्त मुख्याध्यापक सावळारामसर. त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, की यंदा पालीची बाजू नीट सांभाळलीत तर पुढच्या वर्षी तोरण्याच्या शर्यतीचा सगळा दूरसंपर्क तुमच्याकडे. म्हणून सर्व सूचना मी लेखी काढल्या. मंदार वेल्ह्याच्या मंडपात, मी पालीला. धावपटूंच्या नातेवाइकांना आपला माणूस कुठवर आला ते कळावे म्हणून मंदारने आपला संच मंडपातल्या माईकसमोर ठेवायचा, आणि शेवटचा धावपटू पोहोचेपर्यंत तो कोणत्याही सबबीवर हलवायचा नाही. (कल्पना माझी. अधोरेखनही माझे.) संचात आणखी एक सोय असते, हे आपण जाणता: बोलण्याचे बटण फार वेळ दाबले गेले तर तीन मिनिटांनी तो आपण होऊन बोलणे तोडतो. ती सोय मी बंद करून ठेवली होती. तीन मिनिटांत माझे वाक्य पुरे होत नाही.

पालीचे काम निर्दोष झाले. शेवटचा धावपटू होता आमच्याच पतसंस्थेतला कुमार. धावपटू म्हणायचे ते त्याच्या छातीवर क्रमांक होता म्हणून. तो चालत होता, आणि दगड चांगला दिसला की बसत होता. त्याच्यामागे बैलाच्या गतीने येणाऱ्या जीपमध्ये मी बसलो, संच पट्ट्याला लावून, दाराच्या बाजूला. जीप पासलीच्या गोरखची. गोरखने पहिल्याच वळणावर मला असा प्रश्न केला, जो माझ्या आयुष्यात आजवर कोणीही आपण होऊन केलेला नाही. तो म्हणाला, 'सायेब, समदी दुनिया लिथियम घेती, तुमी ह्ये पेन्सिल सेल का घेतलं?'

इंद्रजितराव, माझे डोळे भरून आले. मी त्याला सर्व सांगितले. वजन, जात, घसारा, सराफ. आपला उल्लेख आला. तो आदरानेच आला. (आपली अँटेना वाऱ्यात आपल्या मतापेक्षा अधिक वेळा वळते, एवढेच म्हणालो.) गोरखने मग विचारले, की सेलाला चार्जिंग जास्त झाले तर काय होते. मी म्हणालो, गरम होतो, आतून खराब होतो, माझी साखर वाढते तसेच. मग साखरेवरून ओघाने सारोळे आले. तिथल्या खतांच्या दुकानाचे हिशेब मी दर गुरुवारी पाहतो, आणि नीरेच्या पुलाजवळ त्याच वेळी कढईतून जिलबी निघते, यात माझा काही कट नाही. आपल्या बहिणीने दोन वर्षे मला रोज सकाळी कारल्याचा रस दिला आहे. मला एकट्याला कडू वाटू नये म्हणून ती स्वतःही पेलाभर पिते. गुरुवारी तो रस मी विशेष आनंदाने पितो आणि तिला वाटते औषध मानवले, हेही मी गोरखला सांगितले. प्रवासात माणूस मोकळा होतो. डावी मांडी बरीच गरम लागत होती. मी समजलो, जीपचे इंजिन जुने आहे. संचातून मंदारचा एकही संदेश येत नव्हता. मी समजलो, सगळे माझ्या लेखी सूचनांबरहुकूम चालले आहे.

वेल्ह्यात शिरलो तेव्हा कुमारच्या स्वागताला हलगी कडाडत होती आणि मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता. मंदार दोन्ही हात हलवत जीपकडे धावत आला. मीही हात हलवले. उतरलो, तर पालीच्या सखूबाई (ज्यांनी पिठलंभाकरीचा गाडा लावला होता) माझ्याकडे अशा पाहत होत्या, जसे आपण देवळातल्या कीर्तनकाराकडे पाहतो. हलगी थांबली. महिला मंडळाच्या टेबलामागून सौदामिनी चहाचा पेला घेऊन माझ्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली,

'साखर किती घालू?'

आणि तो हळू आवाज मंडपाच्या चारही कर्ण्यांतून परत आला. साखर किती घालू, साखर किती घालू, आणि मग संच व माईक समोरासमोर आल्यावर निघते ती शीळ. मी कमरेकडे पाहिले. लाल दिवा लागलेला. पालीच्या पहिल्या वळणापासून जीपच्या दाराच्या कडीने बोलण्याचे बटण दाबून धरले होते, आणि मी उतरलो तरी ते आत रुतूनच राहिले होते. दाबलेल्या संचाला ऐकू येत नाही, म्हणून मंदार तिकडे ओरडून थकला तरी मला कळले नाही. आणि जीप जवळ येत गेली तसतसा माझा आवाज, उपस्थितांच्या म्हणण्याप्रमाणे, अधिकच स्वच्छ होत गेला. मंदारने दोनदा माईक काढायला हात घातला होता. सावळारामसरांनी माझी लेखी सूचना दाखवून त्याला थांबवले. मी बटण सोडवले तेव्हा सखूबाई म्हणाल्या, 'भाऊ, बंद का केलंत? त्या कारल्याचं पुढं काय झालं?'

पुढे काय व्हायचे ते झाले. सौदामिनी घरी आली ती थेट संचाकडे गेली. मग तिने डबी उघडली आणि सहाही सेल बाहेर काढले. आता एक दिवाणखान्यातल्या घड्याळात आहे, एक स्वयंपाकघरातल्या, दोन टीव्हीच्या रिमोटात, आणि उरलेले दोन तिच्या कपाटात ओलीस आहेत. माझ्या रक्ततपासणीचा कागद सुधारेपर्यंत संच रिकामा राहील. म्हणून मी रविवारी गप्प होतो. सावळारामसरांनीही तोरण्याचा दूरसंपर्क मंदारला दिला. मला त्यांनी निवेदकाचे काम देऊ केले आहे, कारण 'लोकांची तशी मागणी आहे'.

परंतु, इंद्रजितराव, मुद्दा हा नाही. मुद्दा असा, की आपण म्हणाला होतात, पेन्सिल सेलांना अर्धा तास सलग बोलणे झेपणार नाही. ते पाऊण तासाहून अधिक बोलले, अखंड बोलले, आणि मी बटण सोडवले तेव्हाही संचावरची खूण पूर्ण भरलेली होती. आपला लिथियमचा पॅक असता तर तोही टिकला असता, हे मी मान्य करतो; पण बाजारातले ते हलके सेल घेतले असते तर ते पहिल्याच वळणावर, सराफाच्या गोष्टीपर्यंतसुद्धा न पोहोचता मेले असते आणि आज माझा संसार गोडीत चालला असता. माझे वाटोळे उत्तम मालाने केले. येत्या रविवारी मेळाव्यात एवढा निकाल आपण माझ्या वतीने वाचून दाखवावा. निवड बरोबर होती.

पत्राचा हा कागद नेहमीप्रमाणे दुसऱ्या नजरेखालून जाऊनच बाहेर पडेल; लिफाफ्यावरचा पिनकोड मी लग्न झाल्यापासून सौदामिनीकडूनच तपासून घेतो, तो नियम रुसव्यातही मोडलेला नाही. वहिनींना नमस्कार, गुलाबांना शुभेच्छा. गुडघ्याची बाकी लक्षात ठेवून,

आपला,
आनंद

ता. क. अँटेनेविषयीचे वाक्य मागे घेतो.

ता. क. २. वरील सर्व विवेचनास बाधा न येता एक विनंती. आपण ज्याचा आग्रह धरला होता तो लिथियमचा पॅक कृपया एक पाठवावा. तत्त्व म्हणून नव्हे. केवळ रविवारची सकाळ मला फार लांब वाटते आणि आपण नाव पुकारता तेव्हा कोणीच उत्तर देत नाही ही कल्पना सहन होत नाही. पार्सल घरी नको. सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळच्या जिलबीवाल्याकडे पाठवावे. मी गुरुवारी तिकडे जातोच.

ता. क. ३. दादा, पिनकोड बरोबर आहे. लिफाफा उघडाच दिला होता ह्यांनी. पार्सल सारोळ्यालाच पाठव, ह्यांच्याविना तुझा मेळावा सुना आणि माझं घर फार बोलकं झालंय. गुरुवारी मीच जाते घ्यायला, ह्यांना बरोबर घेऊन. ह्यांच्या पुढ्यात कारल्याचा रस असेल आणि माझ्या पुढ्यात जिलबी. – सौदामिनी