तीन गाठींची पोथी

गुरुजी, आपल्याला जाऊन चौतीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी आपल्याला उद्देशून एक ओळही लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती लिहिण्याचे धैर्य होत नव्हते. मी आपल्याशी एकदा खोटे बोललो होतो. परवाच्या रविवारपर्यंत माझी समजूत अशी, की ते आपल्याला कधी कळलेच नाही, आणि कळले नाही म्हणूनच आपण अखेरीस सातही पोथ्या माझ्या स्वाधीन केल्या. फसवून मिळवलेली ठेव सांभाळावी तशा मी त्या सांभाळल्या. दर वर्षी ऊन दाखवले, बासने धुतली, कडुनिंबाचा पाला बदलला. पण त्यांतली एकही मांडीवर घेऊन कोणाला पाठ दिला नाही. विचारायला येणाऱ्यांना वेळ नाही असे सांगितले. खरे कारण अधिकार नाही, हे होते.

नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या मला आजही दिसतात. हल्ली समोरचे दिसते त्याहून स्पष्ट. पोथ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, कारण ओल न लागणारी जागा तेवढीच. काचबिंदूने आपली दृष्टी पुरती गेलेली. पाठ सगळे आपल्याला मुखोद्गत, मी माझ्या छापील प्रतीवरून वाचतो, तरी ज्या ग्रंथाचा पाठ त्याची पोथी मांडीवर आल्याखेरीज आपण आरंभ करीत नाही. त्या सकाळी मला उशीर झाला आहे. "मनगटावर घड्याळ आहे म्हणे तुझ्या," आपण म्हणता, "दागिना म्हणून शोभत असेल. आम्हाला काही दिसत नाही." काकू तांदूळ निवडता निवडता हसतात. मग आपण भाष्याची पोथी मागता. ती वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे. बरण्या सोवळ्यातल्या, मी रस्त्यावरून आलेला. म्हणजे हातातले काम टाकून काकूंना उठवायला हवे. नुकतेच बोलणे खाल्लेले असते, तेव्हा माणसाला आणखी कोणाला तसदी द्यावीशी वाटत नाही. मी हाताशी असलेली तर्काची पोथी उचलतो आणि आपल्या मांडीवर ठेवतो. बासन तांबडेच, लाकडी पाट्या तशाच. ज्यांना दिसत नाही त्यांना काय फरक, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, हेही लिहून टाकतो.

"भाष्याचीच ना रे?"

"हो, गुरुजी."

आपली बोटे नेहमीसारखी दोरीच्या टोकाशी गेली. तिथे ती जराशी थांबली. मग आपण म्हणालात, "बरं. ऐक तर." आणि त्या दिवशी भाष्याचा पाठ झालाच नाही. आपण तर्काचे प्रकरण काढलेत, तेही शब्दप्रमाणाचे. आप्त कोणाला म्हणावे? जे जसे आहे ते तसेच सांगतो त्याला. "का, सांग. कारण त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून दुसरा माणूस अंधारात पाऊल टाकतो." मी छापील प्रत हातात घेऊन नुसता बसून राहिलो, कारण माझ्याजवळ प्रत होती भाष्याची. मला वाटले, वयाने आपली गल्लत होऊ लागली. मला आपली कीव आली. चार महिन्यांनी आपण मला बोलावून घेतलेत आणि पोथ्या देताना म्हणालात, "ह्या तू ने. आणि नुसत्या जपून ठेवू नकोस." दुसरी आज्ञा मी पाळली नाही.

आता काचबिंदू माझ्या डोळ्यांत आहे. बिबवेवाडीच्या आमच्या घरात पोथ्यांना वेगळे कपाट आहे, पण कोणत्या बासनात काय, ते भिंग घेऊन पहिले पान लावल्याशिवाय कळत नाही, आणि त्यात तासभर जातो. माझी सून यवतमाळकडची, हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला. माझी ती धडपड पाहून ती एकदा म्हणाली, "बाबा, पोथ्यांनाच बोलायला लावू का?" पुढच्या शनिवारी तिने बुधवार पेठेतून रुपयाएवढ्या सात चकत्या आणि एक लहानसे यंत्र आणले. चकतीला तिचा स्वतःचा वीजपुरवठा नसतो. यंत्रातले तारेचे वेटोळे जवळ नेले की त्याच्याच शक्तीवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. बाकी काही सांगत नाही. तो क्रमांक कोणत्या पोथीचा, ही यादी यंत्राजवळ असते आणि त्यावरून ते पोथीचे नाव उच्चारते. नाव सुनेच्याच आवाजात भरलेले आहे. विचारल्याशिवाय न बोलणारी आणि विचारले की तेवढेच बोलणारी ती चकती मला फार आवडली. प्रत्येक चकतीवर तिने ठळक शाईने पोथीचे नाव घातले आणि बांधायला बसणार, तोच मी म्हटले, "ते माझं काम." शेवटच्या दोन बांधताना उजेड कमी झाला होता. दिवा लाव असे मी कोणाला म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र भाष्याच्या जागी ठेवलेल्या पोथीला तर्क म्हणाले आणि तर्काच्या पोथीला भाष्य. सुनेने पहिल्या चकतीपुढे यंत्र दहा वेळा धरले. "दहाही वेळा तोच आकडा येऊन राहिला, बाबा. यंत्र चुकीचं वाचत असतं तर दर वेळी वेगळंच काही आलं असतं." यादी तपासली, ती बरोबर होती. मग तिने विचारले, "तुम्ही नीट बांधल्या होत्या ना?"

"हो," मी म्हटले.

"मग प्रश्नच मिटला," ती म्हणाली आणि पुन्हा यंत्रालाच दोष देऊ लागली. पुढच्या रविवारची सगळी सकाळ तिने वेटोळ्याची तार उलगडून नव्याने गुंडाळण्यात घालवली. माझ्या शब्दावर, गुरुजी. मी शेजारी बसून चहा घेत होतो.

त्याच सकाळी पोथ्या इकडच्या तिकडे करताना ती सहज म्हणाली, "बाबा, ह्या दोरीला इतक्या गाठी कशाला मारल्या? हिला सात आहेत. हिला तीन." त्या दोऱ्या मी चौतीस वर्षे बांधल्या-सोडल्या आहेत, गाठी दर वेळी हाताला लागल्या आहेत. जुनी दोरी तुटली असेल, जोडली असेल, एवढेच समजत आलो. सुनेने सातही पोथ्या माझ्यापुढे ठेवल्या, आणि ज्या कामाला डोळे पुरत नव्हते ते मी बोटांनी केले. एक, दोन, तीन. व्याकरणाला एक, कोशाला दोन, तर्काला तीन. आपण विद्यार्थ्याला ज्या क्रमाने शिकवीत असा त्याच क्रमाने, थेट भाष्याच्या सात गाठींपर्यंत. एकदा काकूंना मी दोरीला गाठ मारताना पाहिले होते. "तुटली का, काकू?" म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुटली नाही. यांच्या बोटांना लागतं काहीतरी." जपाची सवय असेल, असे मी मानले होते.

म्हणजे त्या सकाळी आपली बोटे तीन गाठींवर थांबली होती. आपल्याला तत्क्षणी कळले होते, आणि गल्लत आपली झाली नव्हती. हाती आलेल्या पोथीतलाच पाठ आपण दिलात, त्यातलेही नेमके तेच प्रकरण, आणि मला ओरडण्याऐवजी चार महिन्यांनी पोथ्या दिल्यात. खोटे बोललेला विद्यार्थी आपल्याला ठाऊक होता. त्यालाच आपण त्या दिल्यात. मी खोटे बोललो होतो हे तसेच राहते, ते कशाने धुतले जात नाही. पण मी त्या पळवल्या नाहीत. हे कळल्यावर मी तीन गाठींची ती दोरी मुठीत धरून डोळे मिटले. तिला वाटले, मला चक्कर येते आहे. तिने पाणी आणले. अनेक वर्षांनी पाणी गोड लागले.

उद्या गुरुवार. सकाळी कंपनीची बस येण्याआधी अर्धा तास सून पाठाला बसणार आहे. तिनेच विचारले, आणि या वेळी मला कारण सापडले नाही. व्याकरणापासून आरंभ करू, एक गाठ असलेल्या पोथीपासून, आणि ती माझ्या मांडीवर असेल.

हे पत्र मी दुमडून तर्काच्या बासनात ठेवतो आहे. ते धाडायला दुसरा पत्ता मजजवळ नाही. एक सांगायचे राहिले. त्या रविवारी सून कपबशा विसळायला आत गेली, तेव्हा मी गाठी मोजून त्या दोन चकत्यांची अदलाबदल केली. ती बाहेर आली, यंत्र धरले, दोन्ही नावे बरोबर आली. "बघा, वेटोळंच सैल होतं म्हणायचं," ती म्हणाली. चकत्यांवरची शाईतली नावे तिच्याच हातची होती. ती हसली की नाही, ते मला दिसले नाही. मी म्हटले, "तसंच असेल."